खऱ्यासारखं दिसणं, खऱ्यासारखं उडणं : रेडिओ हेलिकॉप्टरचा एक इतिहास

रेडिओवर चालणारं एखादं हेलिकॉप्टर बघून आपण म्हणतो, "अगदी खऱ्यासारखं आहे हो!" पण यात दोन वेगळी वाक्यं गुंतलेली असतात. एक, ते खऱ्यासारखं दिसतं. दुसरं, ते खऱ्यासारखं उडतं. पहिल्या वाक्याचा इतिहास सरळ आहे. चांगले साचे आले, फायबरचे सांगाडे आले, दारं उघडू लागली, रिव्हेट मोजून लावले जाऊ लागले. त्यावर आज फार बोलणार नाही. दुसऱ्या वाक्याचा इतिहास मात्र वाकडातिकडा आहे आणि आमच्या मते तो मुळात वेळेचा इतिहास आहे. हेलिकॉप्टर लहान केलं की त्याचा काळही लहान होतो. ते घाईनं जगू लागतं. ही घाई कशी आवरायची, याच प्रश्नावर या छंदाची पन्नासहून अधिक वर्षं खर्ची पडली.

घाई म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. घरातला पाळणा आठवा, आणि वडाच्या उंच फांदीला बांधलेला झोका आठवा. पाळणा भराभर हलतो, झोका संथ येतो-जातो. गुरुत्वाकर्षण दोघांना एकच, पण दोरीची लांबी वेगळी. दोरी चौपट लांब केली की एका हेलकाव्याला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. शाळेत लंबकाच्या धड्यात आपण सगळ्यांनी हे पाठ केलेलं असतं, आणि परीक्षा झाली की विसरलेलं असतं.

हेच सूत्र जहाजांना लावणारा माणूस म्हणजे इंग्लंडचा विल्यम फ्रूड. १८६७ च्या सुमारास त्याने 'स्वान' आणि 'रेव्हन' या दोन आकारांच्या, लहानमोठ्या मापांच्या प्रतिकृती करून पाण्यात ओढून पाहिल्या, आणि पुढे टॉर्की इथे घराजवळ चाचणीसाठी लांबलचक हौद बांधला. लहान नावेच्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसायला हव्या असतील तर वेग किती ठेवायचा, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर तेच: लांबीचं वर्गमूळ. हेलिकॉप्टरवाले आज जो हिशोब करतात तो फ्रूडच्या हौदातून आलेला आहे. पाण्याचा माणूस हवेतल्या छंदाचा आजोबा निघाला, म्हणा ना.

आता आपलं उदाहरण घेऊ. बेल २०६ जेट रेंजर. त्याच्या मुख्य रोटरचा व्यास १०.१६ मीटर. आपल्या प्रतिकृतीचा रोटर दीड मीटरचा धरू. म्हणजे ती खऱ्याच्या साधारण ६.८ पट लहान. वर्गमूळ काढलं की २.६. खऱ्या यंत्रात एक सेकंद जातो तेवढ्यात प्रतिकृतीचे अडीच-पावणेतीन सेकंद उरकलेले असतात. खरं हेलिकॉप्टर एका बाजूला कलंडायला लागलं तर वैमानिकाला हात हलवायला जेवढी सवड मिळते, तिच्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोडी जास्त सवड आपल्याला मिळते. आणि माणसाची प्रतिक्रिया काही लहान होत नाही, ती आहे तेवढीच संथ राहते. छोटं हेलिकॉप्टर उडवणं अवघड का, याचं उत्तर एवढंच आहे.

इतिहासात गंमत अशी की मोठं हेलिकॉप्टर स्थिर झालं ते छोट्यामुळे. आर्थर यंग हा अमेरिकेतला तत्त्वज्ञानाकडे ओढा असलेला तरुण. १९२८ पासून त्याने हेलिकॉप्टरचा नाद घेतला, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका धान्याच्या कोठारात वर्षानुवर्षं प्रतिकृती बनवल्या, मोडल्या, पुन्हा बनवल्या. माणूस बसेल एवढं यंत्र मोडलं तर माणूस जातो, पैसा जातो. प्रतिकृती मोडली तर एक दिवस जातो. प्रतिकृती घाईनं जगते म्हणून तिचे दोषही लवकर उघडे पडतात, हा त्यातला आणखी एक फायदा.

या धडपडीतून यंगला सापडली ती स्थिरतेची दांडी. पात्यांना काटकोनात एक आडवी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना वजनं. ही दांडी भोवऱ्यासारखं वागते. हेलिकॉप्टरचं धड कललं तरी फिरती दांडी आपल्या पातळीत राहू पाहते, आणि पात्यांशी जोडलेली असल्यामुळे पात्यांचा कोन बदलून रोटरलाही सरळ ठेवते. विजेच्या मोटरवर चालणारी, तारेतून हुकूम घेणारी त्याची प्रतिकृती एका जागी तरंगत राहू लागली. १९४१ मध्ये तो ती घेऊन बफेलोच्या बेल कंपनीकडे गेला. तिथून बेल ३०, आणि मग बेल ४७. या बेल ४७ ला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळाला. जगातल्या कुठल्याही हेलिकॉप्टरला मिळालेला तो पहिला. कोरियाच्या युद्धात जखमींना उचलून नेणारं, काचेच्या बुडबुड्याचं ते यंत्र चित्रपटांतून अनेकांनी पाहिलेलं असतं. त्याच्या डोक्यावर ती दांडी नीट दिसते.

त्याच दशकात कॅलिफोर्नियाच्या स्टॅनली हिलर या अगदी पोरसवदा संशोधकाने वेगळी युक्ती केली. दांडीच्या टोकांना वजनांऐवजी छोटे पंख लावले, वल्ह्यासारखे. वैमानिक या पंखांना हुकूम देतो, पंख दांडीला कलवतात, आणि दांडी मोठ्या पात्यांना आपल्यामागे ओढते. मोठ्या हेलिकॉप्टरांनी या दोन्ही दांड्या हळूहळू टाकून दिल्या. छोट्यांनी मात्र त्या उराशी धरल्या, कारण सवड नसण्याचं दुखणं छोट्यांचंच होतं. बेल आणि हिलर यांचं मिश्रण असलेली फ्लायबार नावाची दांडी छंदाच्या हेलिकॉप्टरवर पुढची चाळीस वर्षं राज्य करून राहिली. आम्ही तिला उसन्या वेळेची दांडी म्हणतो.

साठच्या दशकाच्या शेवटी रेडिओ-नियंत्रण पुरेसं तंतोतंत झालं होतं. काडी जेवढी हलवाल तेवढंच पंखाचं टोक हलेल, असे संच मिळू लागले होते. विमानं उडत होती. हेलिकॉप्टर मात्र उडी मारायचं आणि आडवं व्हायचं. हे कोडं सोडवलं जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी. जून १९७० मध्ये त्यांच्या बेल ह्यूकोब्राच्या प्रतिकृतीने सलग साडेअकरा किलोमीटर अंतर कापलं आणि जवळजवळ २८ मिनिटं हवेत राहण्याचा विक्रम केला. थोड्याच काळात ते यंत्र पेटीत भरून विक्रीला आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खऱ्या अर्थाने उडालेलं हे रेडिओ हेलिकॉप्टर नुसता सांगाडा नव्हतं. ती एका खऱ्या हेलिकॉप्टरची प्रतिकृती होती. म्हणजे खऱ्यासारखं दिसण्याची इच्छा पहिल्या दिवसापासून होतीच. उडण्याचं काय? श्ल्यूटरच्या त्या पहिल्या पिढीत पात्यांचा कोन कायम असायचा. वर जायचं तर इंजिन वाढवा, खाली यायचं तर इंजिन कमी करा. खरं हेलिकॉप्टर असं करत नाही. त्याचा रोटर जवळपास एकाच गतीने फिरत राहतो आणि वर-खाली जायला सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलतो. याला कलेक्टिव्ह म्हणतात. न्युरेम्बर्गच्या फ्रांझ कावान यांनी सत्तरच्या दशकात जेट रेंजरची जी प्रतिकृती बाजारात आणली तिच्यात ही सोय होती. आमच्या मते खऱ्यासारख्या उड्डाणाचा इतिहास तिथून सुरू होतो, कारण रोटरचा आवाज स्थिर राहू लागला. डोळ्याआधी कानाला फरक कळला.

मधल्या टप्प्यांवरून भरभर जाऊ. शेपटीच्या पंख्याला सांभाळणारा गायरो आधी खरोखरच्या फिरत्या चाकाचा होता. नव्वदच्या दशकात स्फटिकाचा आला, आणि मग दिशा धरून ठेवणारा आला. २००० नंतर ब्रशविरहित मोटर आणि लिथियम बॅटरी आली. २०१० च्या आसपास तीन अक्षांचा इलेक्ट्रॉनिक गायरो स्वस्त झाला आणि फ्लायबार उतरली. दांडी देत होती ती उसनी वेळ आता एक चिप देऊ लागली.

याच काळात छंदाला दोन फाटे फुटले. एका बाजूच्या लोकांनी हेलिकॉप्टरचा हलकेपणा, त्याची घाई, हीच त्याची खरी ताकद मानली. यंत्र उलटं उडवा, शेपटीवर उभं करा, जमिनीपासून वीतभर अंतरावर गरागरा फिरवा. त्याला थ्रीडी म्हणतात आणि त्यातलं कौशल्य थक्क करणारं असतं. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी नेमकी उलटी वाट धरली. जर्मनीच्या व्हारिओसारख्या कंपन्यांचे मोठे सांगाडे घ्यायचे, आणि त्यांना संथपणा शिकवायचा. अडचण ही की कारखान्यातून यंत्रणा यायची ती पहिल्या गटासाठी जुळवलेली. तिला दुसऱ्या गटासाठी पुन्हा जुळवणं म्हणजे एकेक गोष्ट उलटी फिरवणं. त्याबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण इतिहास तिथे हाताला लागतो.

सगळ्यात आधी रोटरची गती. खऱ्या जेट रेंजरचा रोटर मिनिटाला ३९४ फेरे मारतो. फ्रूडच्या हिशोबाने आपल्या दीड मीटरच्या रोटरने ३९४ गुणिले २.६, म्हणजे साधारण १०२५ फेरे मारायला हवेत. याच मापाचं कसरतीचं हेलिकॉप्टर २००० च्या आसपास किंवा वरच फिरवतात. मग सरळ १०२५ का ठेवत नाहीत? वजन आडवं येतं. खऱ्याचं कमाल वजन सुमारे १४५० किलो. लांबी ६.८ पट कमी, तर वजन त्याच्या घनाने कमी व्हायला हवं, म्हणजे पावणेपाच किलोच्या आत. पण सांगाडा, मोटर, बॅटरी, काचा, आतला बाहुला वैमानिक, हे सगळं धरून यंत्र सहज सात किलो भरतं. दीडपट जड. उचलण्याची ताकद गतीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून गती दीडच्या वर्गमुळाने वाढवावी लागते, आणि आकडा साडेबाराशेच्या जवळ जातो. अनुभवी माणूस बाराशे-तेराशेवर का थांबतो त्याचं हे कारण. प्रत्येक जास्तीचा रिव्हेट रोटरला थोडं जोरात पळायला लावतो. दिसण्याचं आणि उडण्याचं भांडण तराजूवर उघडं पडतं, ते असं.

गती कमी केल्याचं मोलही द्यावं लागतं. गती निम्मी केली की फिरत्या पात्यांमध्ये साठलेली ऊर्जा चौथाईवर येते. हवेत मोटर बंद पडली तर याच साठ्यावर यंत्र सावकाश उतरवायचं असतं. म्हणून जाणकार लोक जड पाती वापरतात, जी वेगाने फिरवायची गरज नसते पण ऊर्जा धरून ठेवतात. शेपटीचा पंखा मुख्य रोटरशी दातेरी चाकांनी किंवा पट्ट्याने बांधलेला, त्यामुळे तोही मंदावतो आणि त्याचा जोरही वर्गाने घटतो. म्हणून शेपटीची पाती लांब करायची किंवा दातांचं प्रमाण बदलायचं. हे न करता नुसती गती उतरवली, तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला शेपूट हातातून जाते. आणि प्रत्येक यंत्राच्या दोन-चार गती अशा असतात की तिथे ते थरथरतं. अशा गतीवर मुक्काम करायचा नाही, ती ओलांडून पुढे जायचं.

मग काड्यांचा स्वभाव. उलटं उडायचंच नसल्यामुळे पात्यांच्या उलट्या कोनाची फारशी गरज नाही. उतरताना लागतील तेवढे दोन-तीन अंश पुरे. डाव्या काडीच्या मधल्या पट्ट्यात तरंगण्याचा कोन आणून ठेवायचा आणि त्या पट्ट्यात वक्र जितका आडवा करता येईल तितका करायचा, म्हणजे बोटभर हालचालीला यंत्र वीतभरच चढेल. कलण्याचा कमाल वेग कमी करायचा. इलेक्ट्रॉनिक गायरोची पकड सैल करायची. कसरतीसाठी ती घट्ट लागते. खऱ्यासारख्या उड्डाणात घट्ट पकड असली की यंत्र रुळावरून ओढल्यासारखं सरकतं, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं.

शेपटीबद्दल आमचं मत थोडं वादाचं आहे. दिशा धरून ठेवणारा गायरो ही मोठी सोय, पण तो शेपटीला वाऱ्याशी बोलूच देत नाही. खऱ्या हेलिकॉप्टरची शेपूट पुढे जाताना वातकुक्कुटासारखी वाऱ्यात येते आणि वळणात नाकामागे आपोआप वळते. म्हणून पुढच्या उड्डाणात गायरो जुन्या, साध्या पद्धतीवर टाकणारे लोक आहेत, आणि ते आम्हाला पटतं. नव्वदच्या दशकात जी मर्यादा म्हणून फेकून दिली, ती इथे गुण म्हणून परत येते.

आणखी एक बारकावा. वरून पाहिलं तर अमेरिकन हेलिकॉप्टरचा रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, फ्रेंचांचा घड्याळाच्या दिशेने. रोटर धडाला ज्या दिशेने फिरवू पाहतो तिच्या विरुद्ध शेपटीचा पंखा ढकलतो, पण तो सगळ्या यंत्रालाच बाजूला सरकवतो, आणि ते सरकणं थांबवायला रोटर थोडा कलवावा लागतो. म्हणून जेट रेंजर तरंगताना डावीकडे किंचित खाली असतं. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं चेतक मुळात फ्रेंच अल्युएत ३ आहे, तेव्हा त्याचा कल उजवीकडे. छंदाच्या बहुतेक यंत्रणा घड्याळाच्या दिशेने फिरतात. ती जेट रेंजरच्या सांगाड्यात बसवली की रंग, खुणा, नोंदणी-क्रमांक सगळं बरोबर, आणि कल मात्र चेतकचा! ज्याला कळतं त्याच्या डोळ्यात हे कुसळासारखं सलतं. चोखंदळ लोक सगळी यंत्रणा उलट फिरवून घेतात.

आता उड्डाण. जुहूच्या तळावरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ती लय ठाऊक असेल. आधी चाकांवरचं वजन हलकं होतं, यंत्र जरा खोळंबतं. मग पुरुष-दीडपुरुष उंचीवर तरंगतं, तिथे थांबतं. मग नाक किंचित खाली, आणि सरकायला सुरुवात. वेग थोडा वाढला की रोटरला ताजी हवा मिळते आणि ते न मागता वर उचललं जातं. प्रतिकृती उडवणारा नवखा माणूस हे सगळे थांबे गाळतो.

थांबे पाळले तरी एक पेच उरतोच, आणि तो सुटणारा नाही. खरं जेट रेंजर ताशी २०० किलोमीटरने जातं असं धरा. प्रतिकृती किती वेगाने न्यायची? एक पंथ म्हणतो, लांबी ६.८ पट कमी तर वेगही तेवढाच कमी, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. सरळ जाताना हे डोळ्याला अगदी पटतं, कारण खरं यंत्र आपली स्वतःची लांबी जेवढ्या वेळात पार करतं तेवढ्याच वेळात प्रतिकृतीही करते. पण वळण आलं की बिंग फुटतं. खरं यंत्र ज्या वळणात ३० अंश कलतं, त्याच वळणाच्या लहान आवृत्तीत या वेगाने जाणारी प्रतिकृती जेमतेम ५ अंश कलेल. ती ताटासारखी सपाट फिरते. दुसरा पंथ फ्रूडचा: वेग २.६ पटच कमी करा, ताशी ७७. वळणात कल बरोबर ३० अंश येतो, पण सरळ जाताना यंत्र माशीसारखं सुसाट वाटतं. गुरुत्वाकर्षण प्रतिकृतीसाठी वेगळं होत नाही, म्हणून दोन्ही एकदम खरं ठरू शकत नाही.

चांगला वैमानिक काय करतो? सरळ रेषेत संथ जातो, वळणाआधी कळेल न कळेल इतका वेग वाढवतो, वळण मोठं घेतो आणि कल हळूहळू आत आणतो, हळूहळू बाहेर काढतो. आम्ही ज्यांना या कामात खरोखर वाकबगार म्हणू, ते असे दोन काळांच्या मध्ये चालतात. सांगाडा कितीही साधा असो, असं उडवलेलं यंत्र घारीसारखं वाटतं. आणि हजार रिव्हेटांची, टर्बाइनची, लाखांची प्रतिकृती धक्क्याने वळली की ती खेळणं होते. स्पर्धांच्या गुणपत्रिकेत रंगकामाला भरघोस गुण देण्याची प्रथा आहे. उड्डाणाच्या गुणांनी ती मागे पडावी, एवढं आमचं म्हणणं.

कान मात्र फसत नाहीत. ह्यूईचा तो प्रसिद्ध थाप-थाप आवाज येतो, कारण दोन पाती मिनिटाला ३२४ फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला अकराच्या आत थापा. त्या मोजता येतात. दीड मीटरच्या प्रतिकृतीत फ्रूडच्या गतीनेही सेकंदाला तेहेतीस-चौतीस होतात, आणि थापांचा गुंजारव होतो. छोटी टर्बाइन बसवली तर इंजिनाची शीळ आणि रॉकेलचा वास तंतोतंत मिळतो, थापा मिळत नाहीत.

चित्रपटवाल्यांनी हा सगळा पेच फार आधी सोडवला होता, कारण त्यांच्या हातात वेळ होती. छोटं जहाज बुडवायचं, छोटा पूल पाडायचा, तर कॅमेरा मापाच्या वर्गमुळाइतका जास्त वेगाने चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवायचं. आपल्या जेट रेंजरसाठी सेकंदाला २४ चित्रांऐवजी बासष्ट-त्रेसष्ट. आज खिशातला फोन सेकंदाला ६० चित्रं घेतो. ती २४ च्या वेगाने दाखवली की अडीचपट संथपणा येतो, जवळपास नेमका हवा तेवढा. अशा चित्रफितींमध्ये ताशी ७७ ने गेलेली प्रतिकृती भारदस्त दिसते, वळणात योग्य तेवढी कलते, जमिनीवर टेकताना दांड्यांवर सावकाश बसते. फक्त मागच्या झाडाकडे बघू नका. त्याची पानंही अडीचपट संथ हलत असतात.